पूर्वेच्या दारापाशी

विद्यापीठाचं स्टेडियम फुटबॉलसाठी बांधलं असं म्हणतात. दर्शनी भिंतीवर दगडात तसं कोरलेलंही आहे. पण म्हणणाऱ्याचं काय जातं? खरं पाहिलं तर फुटबॉल हा त्या जागेचा जोडधंदा. शहराच्या टोकाला एक खडकाळ टेकाड होतं, तिथं गवतही धड उगवायचं नाही, म्हणून ते विद्यापीठाच्या पदरात पडलं. त्या वेळच्या विद्यार्थ्यांनी आणि मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः पहारी मारून ते सपाट केलं. तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी पहार स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतली आणि त्यानंतर ते फक्त पाणी वाटायचे, असं अजून सांगतात. मैदान झालं, भोवती पायऱ्या झाल्या, चार दिशांना चार दारं झाली, आणि मग ज्याला कुठंच जागा मिळेना ते सगळं तिथं यायला लागलं.

पदवीदान तिथं. गोलपोस्टसमोर कुलगुरू झगा घालून खुर्चीत बसायचे, नवख्याला वाटावं पेनल्टी अडवायला बसलेत. पायऱ्यांखालच्या खोल्यांत परीक्षा व्हायच्या, आणि वर मॅच चालू असली की गोल झाल्याबरोबर छताचा चुना उत्तरपत्रिकेवर. टंचाईच्या साली तिथं धान्याची पोती रचली होती. त्या पोत्यांबरोबर आलेले उंदीर पिढ्यान्पिढ्या तिथंच नांदताहेत, त्यांना कुणी तिकीट विचारत नाही. साथ आली तेव्हा लस टोचून घ्यायच्या रांगा या कॉर्नरपासून त्या कॉर्नरपर्यंत. एकदा सर्कस उतरली होती. तिच्या हत्तीनं एका गोलसमोरची जमीन जी दाबून ठेवली, तिथं आजही पाणी साचतं, आणि घसरून पडलेला गोलकीपर कधी न पाहिलेल्या हत्तीला शिव्या घालतो.

आणि महापुराच्या वेळी अर्धं शहर तिथं राहिलं. नदी घराघरांत शिरली, पण टेकाडापर्यंत काही तिचे हात पोचले नाहीत.

ते स्टेडियम आता पाडायचं ठरलं होतं. पायऱ्यांना तडे गेले होते, छताच्या सळ्या बाहेर आल्या होत्या, आणि शहराबाहेर नवंकोरं स्टेडियम उभं होतं. शेवटची मॅच येत्या शनिवारी होती. लोक हळहळत होते, फोटो काढत होते, पुढं जात होते. पण पूर्वेच्या दारापाशी पाव विकायला बसणाऱ्या धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. तिला एकच प्रश्न पडला होता. दारच राहिलं नाही, तर वाट कुठं बघायची?

धाकटी म्हणजे बेकरीवाल्यांची धाकटी. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, स्वतःची लेक तिशीच्या पुढं गेली, तरी अख्खं शहर तिला धाकटीच म्हणतं. एकदा चिकटलेलं नाव निघत नाही, आणि हे तर भोंग्यावरून चिकटवलेलं.

झालं होतं असं. पूर आला तेव्हा ही आठ-नऊ वर्षांची. आई आधीच गेलेली. बाप नदीपलीकडं पाव पोचवायला गेला तो तिकडंच अडकला. दोघी बहिणी बेकरीच्या छपरावर, भट्टीच्या धुराड्याला धरून बसल्या होत्या. होडी आली ती गच्च भरलेली. नावाडी म्हणाला, एकच जण, तेही लहान असेल तर. थोरलीनं हिला उचलून होडीत ठेवलं आणि सांगितलं, "तू हो पुढं. मी मागच्या होडीनं येते. पूर्वेच्या दारापाशी उभी राहा. हलू नकोस." पूर्वेचंच दार का, तर मॅचच्या दिवशी बाप त्याच दारापाशी पाव घेऊन बसायचा. स्टेडियमला आणखी तीन दारं आहेत हे पोरींच्या गावीही नव्हतं.

होडीनं पश्चिमेच्या अंगाला सोडलं. पोर माणसांच्या पायांमधून वाट काढत पूर्वेच्या दाराशी गेली आणि उभी राहिली. मागची होडी आली. तिच्यामागची आली. नावाडी म्हणाला, धुराडं होतं, छपरावर कुणी नव्हतं. कुणी म्हणालं, दुसऱ्या एखाद्या होडीनं पलीकडच्या काठाला नेलं असेल. बाकीचे काहीच म्हणाले नाहीत.

स्टेडियमच्या माथ्यावर माईकची एक खोली आहे. लाकडी, बुटकी, कोंबड्यांच्या खुराड्यासारखी, म्हणून तिला सगळे खुराडंच म्हणतात. मॅचच्या दिवशी तिथून कोण खेळतंय, कुणी गोल केला, कुणाची छत्री सापडली ते सांगायचं काम एका लांबटांग विद्यार्थ्याकडं होतं. पुरात तोच पोरगा माईकवर बसून चुकामूक झालेल्या माणसांना हाका मारत होता. कुणीतरी या पोरीला त्याच्यापुढं नेऊन उभं केलं.

"बहिणीचं नाव काय?"

"ताई."

"ताई सगळ्यांनाच असतात. खरं नाव?"

पोर भेदरलेली. तिला खरं नाव आठवेना. ती म्हणाली, "मी बेकरीची धाकटी."

मग त्यानं जमेल तशी हाक मारली. "बेकरीवाल्यांची थोरली, पूर्वेच्या दारापाशी या. धाकटी वाट बघतेय." दर थोड्या वेळानं मारली, पाणी ओसरेपर्यंत मारली, त्याचा घसा बसला तरी मारली. माणसं आपापल्या घरी चिखल उपसायला गेली. बाप आला आणि पोरीला दारापासून जवळजवळ ओढून घरी घेऊन गेला.

पुढच्या हंगामातली पहिली मॅच. माईक चालतोय का बघायला लोक हॅलो हॅलो म्हणतात, एक दोन तीन म्हणतात. त्या पोराच्या तोंडून बाहेर पडलं ते तेच. बेकरीवाल्यांची थोरली, पूर्वेच्या दारापाशी या. खाली दारापाशी बापाशेजारी धाकटी बसली होती, ती ताडकन उठली आणि वर बघत उभी राहिली. त्या दिवसापासून, एक अपवाद सोडला तर, एकही मॅच त्या हाकेशिवाय सुरू झाली नाही. पोराचा परीक्षा विभागातला कारकून झाला, कारकुनाचा पेन्शनर झाला, पण माईक त्यानं सोडला नाही. शहर त्याला भोंगा म्हणतं. तोंडावर भोंगेकाका.

विद्यार्थ्यांचं काय, त्यांना कशाचंही गाणं करता येतं. कधीतरी कुठल्याशा टोळक्यानं हाकेचा उत्तरार्ध स्वतःच म्हणायला सुरुवात केली. भोंगा म्हणायचा, "पूर्वेच्या दारापाशी या," की सगळ्या पायऱ्या एका दमात ओरडायच्या, "धाकटी वाट बघतेय." संघ त्यानंतरच मैदानात उतरायचा. एकदा माईक बिघडला, हाक झाली नाही, आणि संघ असा मार खाऊन आला की पुन्हा कुणाची हाक टाळायची छाती झाली नाही. पुढं ते वाक्य टीशर्टांवर आलं. ज्यांनी ते छातीवर मिरवलं त्यातल्या निम्म्यांना ते एका जिवंत बाईबद्दल आहे हे ठाऊकही नव्हतं. तिच्याकडूनच पाव घेऊन, तिलाच सुटे मागून ते आत जायचे.

पहिल्यांदा ती आरोळी ऐकली तेव्हा धाकटी रडली होती. मग चिडली. मग सवय झाली. सवय काय, माणसाला दातदुखीचीही होते.

मंगळवारी दुपारी क्रीडासंचालक बाई बेकरीत आल्या. भल्या बाई, स्वतः कधीकाळच्या गोलकीपर, बोलताना समोरच्याचा शब्द झेलायला दोन्ही हात पुढं करणाऱ्या.

"मावशी, एक आनंदाची बातमी," त्या म्हणाल्या. "नव्या स्टेडियममध्येही आपली हाक राहणार. भोंगेकाकांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवतोय. मॅचच्या आधी आपोआप वाजेल. त्यांचं वय झालं, तुमचं वय झालं, पण परंपरा राहिली पाहिजे."

"बरं," धाकटी म्हणाली.

"फक्त एक लहानसा बदल. तिकडं पूर्वेचं दार नाही. गेटांना नंबर दिलेत. तर आपण म्हणणार, तीन नंबरच्या गेटपाशी या. आणि तिथं तुमच्यासाठी पक्का स्टॉल. वर छप्पर, बसायला खुर्ची. स्टूल नको आता."

धाकटी बिस्किटांच्या बरणीचं झाकण फिरवत होती. ते बसलं होतं तरी ती फिरवत राहिली. "तिनं मला पूर्वेच्या दारापाशी थांबायला सांगितलंय," ती म्हणाली. "तीन नंबरला ती कशी येईल?"

क्रीडासंचालक बाईंचे पुढं केलेले हात तसेच राहिले.  मागं भट्टीतून पाव काढणारी लेक काम थांबवून आईकडं बघायला लागली. बाई जायला निघाल्या तेव्हा लेकीनंच त्यांच्या हातात गरम पावांची पुडी ठेवली आणि म्हणाली, "आम्ही सांगतो तुम्हाला."

बाई गेल्यावर लेक भट्टीचं दार लावून बाहेर आली. लेक आपल्या बापाच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या, वळणावर गेलेली, कमी बोलायची, पण बोलली की तुकडा पाडायची. बाप होता तोवर दोघं मिळून भट्टी सांभाळायचे; आता ती एकटी.

"आई, माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला तू आली नाहीस."

"मॅच असायची."

"तेच. मला वाटायचं, आईला फुटबॉलचं वेड. मैत्रिणींना फुशारकीनं सांगायचे. मोठी झाल्यावर एकदा तुला विचारलं, आपला संघ कुठल्या रंगाचे कपडे घालतो. तू म्हणालीस, पांढरे असतील. तेव्हा कळलं, हिनं एकही मॅच बघितलेली नाही. नुसती दाराशी बसते." लेकीनं हात पुसले. "मी गप्प बसले. म्हटलं, सवय असेल. पण तू अजून खरंच वाट बघतेस, हे आज कळलं. आई, तिला यायचं असतं तर..."

"पुढचं बोलू नकोस," धाकटी म्हणाली. "मला कळत नाही असं वाटतं तुला? सगळं कळतं. पाणी मी बघितलंय, तू नाही. पण तो माणूस हाक मारतोय ना अजून? इतक्या वर्षांत त्यानं एक हाक चुकवली नाही. तो म्हातारा जिने चढून ओरडणार आणि मी दारात नसणार? त्याला काय वाटेल?"

"म्हणजे तू त्यांच्यासाठी बसतेस?"

धाकटीनं बरणीचं झाकण पुन्हा फिरवलं.

"मग जाऊन विचार तरी," लेक म्हणाली. "ते कुणासाठी ओरडतात ते."

भोंगा आणि धाकटी यांची गाठ दर मॅचनंतर पडायची. तो खाली उतरायचा, दोन गोड पाव घ्यायचा, हवापाण्याचं, गुडघ्यांचं, महागाईचं बोलणं व्हायचं. एका गोष्टीचा उल्लेख मात्र दोघांनी जन्मात केला नव्हता. ती त्याला दादा म्हणायची. त्याच्या घरी ती बुधवारी पहिल्यांदाच गेली.

दार वहिनींनी उघडलं. आतून खळखळ ऐकू येत होती. "या," वहिनी म्हणाल्या. "आत गुळण्या चालल्यात. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय. हे म्हणतात, शनिवारचा चढतो, मग आयुष्यभर नाही चढत. ऐकतंय कोण. मी म्हणजे घरातली पालीची चुकचुक."

भोंगा गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर आला. तिला बघून तो दारातच थांबला. मग बस म्हणाला, आणि स्वतःही बसला.

"दादा, रेकॉर्ड करणार म्हणतात."

"माझ्याकडंही आले होते. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हटलं, धाकटीला विचारा."

धाकटीनं आणलेले पाव टेबलावर ठेवले. त्यांची पुडी नीट सरळ केली. "तुम्ही हाक का मारता दादा?"

"म्हणजे?"

"अजून का मारता?"

भोंग्यानं मफलर सैल केला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारलेला माणूस, स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की शब्द शोधायला लागायचा. "खुराड्याच्या खिडकीतून पूर्वेचं दार नाकासमोर दिसतं," तो म्हणाला. "मी माईक घेतला की तू स्टुलावरून उठतेस. उठून वर बघतेस. एका वर्षी मी ठरवलं होतं. बास. तुझं लग्न झालं होतं, तुझी पोर कडेवर होती. म्हटलं, आता तरी हिला मोकळं करावं, कुठवर जखम उकरायची. माईक घेतला, हॅलो म्हटलं, पुढं संघांची नावं वाचणार होतो. खाली बघतो तर तू पोरीला घेऊन उभी, वर तोंड करून. मग मला दुसरं काही बोलताच आलं नाही. न बोलून तुला खाली कसं बसवू? तेव्हापासून ठरवायचंही सोडून दिलं."

धाकटी त्याच्याकडं बघतच राहिली. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "दादा, मी तुमच्यासाठी उठत होते."

"काय?"

"अंगात ताप असला तरी यायचे. म्हटलं, तो माणूस एवढ्या वरून बघतोय. जागा रिकामी दिसली तर त्याच्या जिवाला लागेल. म्हणेल, जिच्यासाठी घसा फोडला ती पोरगी विसरली."

दारात चहाचे कप घेऊन वहिनी उभ्या होत्या. त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे ही वर बघते म्हणून तुम्ही ओरडता, आणि तुम्ही ओरडता म्हणून ही वर बघते," त्या म्हणाल्या. "आणि इकडं माझ्या घरात गुळण्यांना मीठ पुरत नाही. धन्य आहात दोघं." पण कप ठेवताना त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

चहा संपला. धाकटी म्हणाली, "सगळंच तुमच्यासाठी होतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. तिनं सांगितलं होतं, हलू नकोस. मोठ्या बहिणीचा शब्द. मला तो मोडायचा धीर झाला नाही. आता दारच पाडणार. मग मी हलले असं होईल का हो दादा? की दार हललं?"

भोंग्यानं मान हलवली. "हे मी कसं सांगू? मी भोंगा. लोक सांगतील ते मोठ्यानं म्हणणारा." मग तो म्हणाला, "शनिवारी हाक मी मारत नाही. तू मार. बहीण तुझी आहे. मी एवढी वर्षं मधल्यामधे."

"मी काय बोलणार?"

"ते मला नको सांगूस. तिला सांग."

शनिवारी स्टेडियममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. लेक आली नाही. "मला त्या दाराचा राग आहे," ती सरळ म्हणाली. "तू जा. मी बेकरीत आहे." धाकटीनं त्या दिवशी पाव नेले नाहीत. नुसतं स्टूल नेलं, नेहमीच्या जागी ठेवलं, आणि ते रिकामंच सोडून आत गेली. पुरानंतर पहिल्यांदा ती त्या दारातून आत गेली.

जिना अरुंद होता. पुढं भोंगा, मागं धाकटी, दोघंही कठड्याला धरून, दर वळणावर दम घेत. "तुझे गुडघे की माझी छाती, बघू कोण आधी वर पोचतं," भोंगा म्हणाला. वाटेत पायऱ्यांखालच्या खोल्यांची दारं लागली. त्यातल्या कुठल्याशा खोलीत पुराच्या वेळी चुली पेटल्या होत्या, ओल्या कपड्यांचा वास भरला होता. आता दारांवर परीक्षा क्रमांकांचे फाटके कागद होते.

खुराड्यात पोचल्यावर ती आधी खिडकीशी गेली. पूर्वेचं दार खरंच नाकासमोर होतं. दारात तिचं स्टूल. इतक्या वर्षांत तिनं ती जागा वरून कधी पाहिली नव्हती. केवढीशी जागा. आत येणारे लोक स्टुलाला वळसा घालून जात होते. त्या जागी एक एवढीशी पोर उभी असेल, आणि आपण वरून ती बघत असू, तर आपल्यालाही हाक थांबवता आली नसती, असं तिला वाटलं. भोंग्याला इतकी वर्षं काय दिसत होतं ते तिला त्या खिडकीत कळलं.

भोंग्यानं बटण दाबलं आणि माईक तिच्यापुढं सरकवला. कर्ण्यातून खरखर झाली. खाली सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या, छातीत श्वास भरून, आपल्या वाट्याचं वाक्य तोंडाशी घेऊन.

"ताई," धाकटी म्हणाली.

बाईचा आवाज ऐकून लोक चपापले. माना वर वळल्या.

"ताई, मी बोलतेय. तू सांगितलंस तशी मी पूर्वेच्या दारापाशी उभी राहिले. हलले नाही." तिनं खाली स्टुलाकडं पाहिलं. "आता हे दार पाडताहेत. म्हणून मी घरी जाते. बेकरी तिथंच आहे. धुराडंही तेच आहे, बाबांनी डागडुजी करून घेतली होती. तू आलीस तर इथं नको येऊस. सरळ घरी ये."

तिनं माईक मागं सरकवला. खाली हजारो माणसं होती आणि त्यांच्या वाट्याला वाक्यच उरलं नव्हतं. वरच्या पायऱ्यांवर कुणीतरी सवयीनं "धाकटी" एवढं म्हणालं आणि थांबलं. एका पोरानं टीशर्टवरच्या अक्षरांवर नकळत हात ठेवला. संघ मैदानात येऊन उभा राहिला तरी थोडा वेळ कुणी टाळी वाजवली नाही.

मग शिट्टी झाली आणि मॅच सुरू झाली. मॅच कुणासाठी थांबत नाही.

"बस की," भोंगा म्हणाला. "जन्मभर दाराशी बसलीस, एक तरी बघ."

ती बसली. "आपले कुठले?"

"पिवळे."

"मी पांढरे समजत होते."

ती थोडा वेळ बघत राहिली. बॉल हत्तीच्या डबक्यात जाऊन रुतला आणि तिघं-चौघं त्याच्याभोवती घसरून पडले. तिला हसू आलं. तरी तिचं लक्ष पुन्हा पुन्हा स्टुलाकडं जात होतं. शेवटी ती उठली. "निघते दादा. तिला म्हटलंय, घरी जाते. म्हटल्यावर गेलं पाहिजे."

"गोल तरी होऊ दे."

"झाला की कळेलच. आवाज घरापर्यंत येतो."

जिना उतरून ती पूर्वेच्या दारापाशी आली आणि स्टूल उचललं. दारावरचा शिपाई म्हणाला, "मावशी, आत्ता कुठं सुरू झालीय."

"असू दे," ती म्हणाली, आणि दाराबाहेर पडली. उंबऱ्याशी तिचा पाय क्षणभर अडला. मग ती उताराला लागली.

अर्धा उतार उतरली असेल नसेल, तेवढ्यात मागं कर्णा खरखरला. भोंगा नेहमीच्या सुरात सांगत होता. एक निळी छत्री सापडली आहे. एक चष्मा सापडला आहे, ज्याचा असेल त्यानं ओळख पटवून न्यावा. मग जरा वेळ नुसती खरखर. मग तोच आवाज, पण जरा खाली आलेला.

"धाकटे, घरी पोचलीस की फोन कर."

सगळं स्टेडियम हसलं. धाकटी रस्त्यात थांबली. असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. आई म्हणायच्या आत गेली, बाप बोलका नव्हता, आणि नवरा तर सोबतच असायचा. असं म्हणायचं ते मोठ्या भावंडानं. तिथंच, हातात स्टूल घेऊन, ती रडली. येणारे-जाणारे बघत होते, तिनं बघू दिलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि चालायला लागली.

बेकरीत लेक गल्ल्यावर बसली होती. तिनं वर पाहिलं. "मॅच संपली?"

"चालू आहे," धाकटी म्हणाली.

लेकीनं आईच्या हातातलं स्टूल पाहिलं.  उठून ते तिच्या हातातून घेतलं आणि भट्टीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं.

धाकटीनं चपला काढायच्या आधी फोन लावला. पलीकडं एकच गलका होता, बहुतेक गोल झाला होता. त्या गलक्यातून भोंगा म्हणाला, "हं, बोल."

"पोचले," धाकटी म्हणाली.